गांधीजींचा शिष्य, ज्याने संकरित गाय शेतकऱ्याच्या गोठ्यात पोहोचवली

संगमनेर, राहुरी, कोपरगाव. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या पट्ट्यात कुठल्याही गोठ्यात डोकावा, काळीपांढरी संकरित गाय दिसणारच. पोरांची फी असो नाहीतर दवाखाना, दुधाच्या पगारावरच भागतं.

ही गाय सामान्य शेतकऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत एक मोठं नाव म्हणजे मणिभाई देसाई.

मणिभाईंचा जन्म १९२० चा, सुरत जिल्ह्यातला. १९४२ च्या चळवळीत ते तुरुंगात गेले, सुटल्यावर गांधीजींकडे आले. मार्च १९४६ मध्ये गांधीजींनी पुण्याजवळ उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. काही दिवसांनी गांधीजी गेले, मणिभाई मात्र कायमचे तिथेच राहिले.

आश्रमात त्यांनी गिर गायी जोपासल्या. चांगला वळू, पुरेसा चारा आणि नीट देखभाल मिळाली, तर देशी गायही भरपूर दूध देते हे त्यांनी दाखवून दिलं.

पण गरीब शेतकऱ्याच्या दावणीला गिर नव्हती. तिथे होती जेमतेम लिटर-दोन लिटर दूध देणारी गावठी गाय. नुसत्या निवडीने तिचं दूध वाढवायचं तर कित्येक पिढ्या जाणार. तोवर शेतकऱ्याने खायचं काय?

म्हणून १९६७ मध्ये त्यांनी 'बाएफ' ही संस्था उभी केली. होल्स्टिन आणि जर्सी वळूंचं वीर्य वापरून गावठी गायींचा संकर सुरू झाला. हे वीर्य कांड्यांमध्ये भरून द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवलं की वर्षानुवर्षं टिकतं.

खरी कमाल पुढे आहे. गाय माजावर असते जेमतेम दिवसभर. तिला हाकत लांबच्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे वेळ हुकलीच. म्हणून बाएफचा माणूसच कांडी घेऊन थेट गोठ्यावर जायचा.

आता तुम्ही म्हणाल, गांधीजींचा शिष्य आणि विदेशी वळू? हा आक्षेप आजही घेतला जातो. पण संकर करायचा तो गावठी गायींचा. गिरसारख्या जातिवंत गायी शुद्धच राखायच्या, ही भूमिका होती. विदेशी रक्तही साधारण निम्म्यावर ठेवायचं, कारण ते जास्त झालं की गायीला ऊन, गोचीड आणि आजार झेपत नाहीत.

ही मर्यादा का महत्त्वाची, ते याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कळतं. तिथली डांगी जात धो धो पावसात, भातखाचरांच्या चिखलात काम करते. तिथे होल्स्टिनचा निभाव लागणं कठीण. सरसकट संकर केला तर डांगीच संपेल आणि एकदा संपलेली जात परत आणता येत नाही. पण तीच गोठवलेली कांडी डांगी वळूची असेल, तर जात टिकवायलाही कामी येते. तंत्र एकच आहे, कोणत्या गायीला कोणती कांडी द्यायची हे कळलं पाहिजे.

मणिभाईंना १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये ते गेले. बाएफचं काम मात्र आज अनेक राज्यांत सुरू आहे.