विश्लेषण : शिकारी पक्ष्यांसाठी अख्खा डोंगर विकत घेणाऱ्या रोझली एज कोण होत्या?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हॉक माउंटन नावाचा डोंगर आहे. दर शरद ऋतूत ससाणे, गरुड, बाज असे हजारो शिकारी पक्षी त्यावरून दक्षिणेकडे जातात आणि तिथे बसलेली माणसे ते मोजतात. ही मोजणी १९३४ मध्ये सुरू झाली. त्याआधी याच कड्यावर माणसे बंदुका घेऊन बसत.

पक्षी याच डोंगरावर का येतात?

थंडीची चाहूल लागली, की वायव्येकडून येणारे वारे किटाटिनी डोंगररांगेवर आदळतात आणि वर चढतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिलेल्यांना हा वर येणारा वारा माहीत असेल. या वाऱ्यावर पक्षी फारसे पंख न हलवता मैलोन् मैल तरंगत जातात. त्यामुळे ते कड्याजवळून, बरेचदा नजरेच्या उंचीवरून जातात. मोजायला हे सोयीचे, तसेच गोळी घालायलाही.

शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्या पळवणारे चोर, अशी तेव्हाची समजूत होती. १९२९ मध्ये पेनसिल्व्हेनियाने गॉसहॉक या पक्ष्यामागे ५ डॉलरचे बक्षीसच जाहीर केले. मंदीच्या काळात ही रक्कम लहान नव्हती. नेम धरणारा जात पाहत नसे, जे उडेल ते खाली येई. १९३२ मध्ये रिचर्ड पाऊ या तरुण पक्षीनिरीक्षकाने मेलेले पक्षी रांगेत मांडून त्यांची छायाचित्रे काढली. ती न्यूयॉर्कमध्ये रोझली एज यांच्यापर्यंत पोहोचली.

रोझली एज कोण होत्या?

१८७७ मध्ये न्यूयॉर्कच्या सुखवस्तू घरात जन्म. १९०९ मध्ये जपानमधील योकोहामा इथे ब्रिटिश अभियंत्याशी विवाह. अमेरिकेत परतल्यावर त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात उतरल्या. पत्रके काढणे, सभा गाजवणे, पुढाऱ्यांना जाब विचारणे हे त्या तिथेच शिकल्या. पक्ष्यांचा नाद पुढे सेंट्रल पार्कमध्ये लागला.

१९२९ मध्ये पक्षीसंरक्षणातील बड्या संस्थांवर टीका करणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. त्याच वर्षी त्यांनी ‘इमर्जन्सी कॉन्झर्व्हेशन कमिटी’ स्थापन केली. ऑड्युबन संघटनेच्या वार्षिक सभेत उभे राहून त्यांनी पदाधिकाऱ्यांना अडचणीचे प्रश्न विचारले. पक्ष्यांच्या अभयारण्यात मस्करॅट प्राण्यांना सापळ्यात पकडून त्यांच्या कातड्यांवर पैसा मिळवला जातो, हे चव्हाट्यावर आणले. सभासदांची यादी नाकारली गेली तेव्हा थेट न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या. त्या अनेकांच्या नावडत्या झाल्या, यात नवल नाही.

डोंगर घेतला, पण मोजणी कशी सुरू झाली?

हा डोंगर इतर कोणी वाचवेल, अशी वाट एज यांनी काही काळ पाहिली. १९३४ मध्ये त्यांनी उसने पैसे घेऊन सुमारे १४०० एकर जागा भाड्याने घेतली. पुढे ती विकतच घेतली. रखवालीसाठी मॉरिस ब्राउन आणि त्यांची पत्नी अर्मा आले. शिकाऱ्यांना परत पाठवण्याचे काम मुख्यतः अर्मा यांनी रस्त्यावर उभे राहून केले. बंदुका थांबल्या आणि ब्राउन कड्यावर बसून जातवार नोंदी ठेवू लागले. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात गेले, तेवढ्या काळापुरती मोजणी खंडित झाली.

या आकड्यांचे पुढे काय झाले?

बाल्ड ईगलचे डोके आणि शेपटी पांढरी व्हायला सुमारे पाच वर्षे लागतात. तोवर पक्षी गडद तपकिरी दिसतो. म्हणजे उडणारा गरुड पिल्लू आहे की प्रौढ, हे लांबूनही कळते. ब्राउन यांनी ही नोंदही ठेवली होती, आणि पुढे सर्वांत मोलाची ठरली ती हीच. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या गरुडांपैकी ४० टक्के लहान वयाचे होते. १९५५ ते १९५९ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर आले. १९५७ मध्ये तर ३२ प्रौढांमागे एकच पिल्लू दिसले. गरुड जगत होते, पण त्यांची वीण थांबत चालली होती.

डीडीटी या कीटकनाशकाच्या परिणामांचा शोध घेणाऱ्या रेचल कार्सन यांनी ब्राउन यांच्याकडून हे आकडे मागवले आणि ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात वापरले. डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन फुटतात, हे त्यानंतर काही वर्षांनी सिद्ध झाले. १९७२ मध्ये अमेरिकेने शेतीतील डीडीटीचा वापर जवळपास पूर्ण बंद केला. पुढे गरुडांची संख्या पुन्हा वाढली.

हे पाहायला एज नव्हत्या. कार्सन यांचे पुस्तक सप्टेंबर १९६२ मध्ये आले. नोव्हेंबरमध्ये एज ऑड्युबनच्या वार्षिक सभेला गेल्या. जिथे त्यांना कधीकाळी उपद्रवी ठरवले गेले, त्याच संघटनेच्या सभासदांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. ३० नोव्हेंबरला वयाच्या ८५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हॉक माउंटनवर आजही दरवर्षी १५ ऑगस्ट ते १५ डिसेंबर शिकारी पक्ष्यांची मोजणी होते.