ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञ

मुरुडहून उत्तरेस काशीदच्या वाटेनें निघालें म्हणजे समुद्रकांठीं नांदगांव लागतें. तेथील सिद्धिविनायकाचें देऊळ आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. परंतु भरतखंडांतील एक थोर गणिती सुमारें पांचशें वर्षांपूर्वीं ह्याच गांवीं जन्मास आला, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. त्यांचें नांव गणेश दैवज्ञ. गणितांत शिरलेले दोष हुडकून काढण्यांत त्यांनीं आपली बुद्धि वेंचली. म्हणून संगणक शिकणाऱ्या आजच्या पिढीस त्यांचें चरित्र बोधप्रद होईल, असें आम्हांस वाटतें.

गणेशांचे वडील केशव दैवज्ञ हे स्वतः मोठे ज्योतिषी होते. त्या काळीं सूर्य, आर्य व ब्रह्म ह्या तीन सिद्धान्तांवरून ग्रहगणित करीत. समुद्रकांठच्या लोकांस तिथीचें महत्त्व सांगावयास नको. उधाण आणि भांग ह्यांचा अदमास ते तिथीवरूनच बांधतात. परंतु ग्रहाच्या गतींत मूळची रेसभर चूक असली तरी ती शतकानुशतकें सांचत जाते, आणि मग ग्रहण सांगितलेल्या वेळीं लागत नाहीं. केशवांनीं सांगितलेली ग्रहणाची वेळ एकदां अशीच चुकली व त्यांची हेटाळणी झाली, अशी आख्यायिका आहे. ग्रंथ खरा मानून डोळ्यांस खोटें ठरविणारे पंडित थोडे नव्हते. केशवांनीं मात्र ग्रह व तारे ह्यांच्या युति स्वतः पाहिल्या, कोणता ग्रंथ कोणत्या ग्रहापुरता चुकतो ह्याची नोंद केली, आणि शके १४१८ मध्यें, म्हणजे इ. स. १४९६ मध्यें, ‘ग्रहकौतुक’ हा ग्रंथ लिहिला. पुढील गणितज्ञांनींही आकाश पाहून गणित सुधारीत असावें, असें त्यांनीं लिहून ठेविलें.

अशा पित्याच्या घरीं शके १४२९ च्या, म्हणजे इ. स. १५०७ च्या सुमारास गणेशांचा जन्म झाला. आईचें नांव लक्ष्मी. विद्या वडिलांपाशींच झाली. शके १४४२ मध्यें, म्हणजे इ. स. १५२० मध्यें, त्यांनीं ‘ग्रहलाघव’ रचिलें. तेव्हां त्यांचें वय अवघें तेरा वर्षांचें होतें, असें परंपरा सांगते.

ह्या ग्रंथाचें मर्म असें कीं, गणेशांनीं सगळें जुनें गणित टाकून दिलें नाहीं व कोणा एका ग्रंथाची पूजाही केली नाहीं. प्रत्येक ग्रहाचा दोष त्यांनीं वेगळा काढला. सूर्य सूर्यसिद्धान्ताचा घेतला. चंद्र त्याचाच, पण नऊ कला कमी करून. गुरु, मंगळ व राहु आर्यसिद्धान्ताचे; शनीही त्याचाच, पण पांच अंश मिळवून. बुधाचें केंद्र ब्रह्मसिद्धान्ताचें, आणि शुक्राचें केंद्र ब्रह्म व आर्य ह्यांच्या मधोमध. इतकें केल्यावर गणित आकाशाशीं जुळलें.

दुसरा गुण नांवाप्रमाणें लाघव. पूर्वींच्या रीतींत दिवसांच्या अवाढव्य संख्या हातानें गुणाव्या व भागाव्या लागत. गणेशांनीं ४०१६ दिवसांचें, म्हणजे सुमारें अकरा वर्षांचें चक्र धरिलें. त्यामुळें गणकास लहान संख्येवर काम करतां येऊं लागलें. त्रिकोणमितींतील ज्याही त्यांनीं टाळल्या. त्यानें सूक्ष्मता थोडी उणी झाली खरी, पण सामान्य जोशास गणित आटोक्यांत आलें. म्हणूनच महाराष्ट्र, गुजराथ व कर्नाटक ह्या प्रांतीं हा ग्रंथ कित्येक पिढ्या चालला.

आतां आजच्या काळाकडे वळूं. संगणकाच्या अगदीं तळच्या भाषेंत लिहिलेली आज्ञावली चुकली म्हणजे ‘डीबगर’ नांवाचें साधन वापरतात. तें यंत्रास एकेका पायरीवर थांबवितें आणि त्या क्षणीं कोणत्या खणांत कोणता अंक आहे तें दाखवितें. असें नवें साधन पुढें आलें म्हणजे तें चांगलें कीं वाईट, हें कसें ठरवावें? केशव-गणेशांची रीतच येथें उपयोगीं पडते. ज्याचें उत्तर आधींच ठाऊक आहे असें उदाहरण त्यास द्यावें. मुद्दाम एक चूक पेरावी, आणि तें नेमक्या त्याच पायरीवर बोट ठेवतें कीं काय तें पाहावें. तीच चूक जुन्या साधनासही द्यावी. पाहतां पाहतां तें यंत्राच्या मूळ चालींतच फरक तर पाडीत नाहीं ना, हेंही तपासावें. आणि ‘ग्रहलाघवा’प्रमाणें तें वापरणाऱ्याचा भार हलका करितें कीं नुसत्या शोभेनें वाढवितें, हें शेवटीं पाहावें. गणेशांस ग्रहण होतें, तेंच आपणांस हें पेरलेलें उदाहरण.

पुढें इ. स. १५२५ मध्यें गणेशांनीं ‘तिथिचिंतामणि’ रचून कोष्टकांवरून पंचांग करणें सोपें केलें. इ. स. १५४५ मध्यें भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली व तींत नियमांची उपपत्ति पायरीपायरीनें उलगडून दाखविली.

काळ लोटला तसें ‘ग्रहलाघवा’चें गणितही आकाशापासून ढळूं लागलें. तेव्हां ह्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळील नागांव येथें इ. स. १८२५ मध्यें जन्मलेल्या केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनीं युरोपीय ज्योतिषाच्या आधारें इ. स. १८६० मध्यें ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध केलीं. ह्यांत गणेशांची अप्रतिष्ठा नव्हती. केशवांची आज्ञाच पाळली गेली.

विद्यार्थ्यांनो, वडिलांच्या ग्रंथासही मुलानें आकाशाच्या कसोटीस लाविलें, आणि त्यामुळें वडिलांची कीर्ति वाढलीच. तुमचें उत्तर चुकलें तर पाटी पुसून टाकण्याची घाई करूं नका. एकेक पायरी मागें जा, चूक कोठें शिरली तें पाहा, आणि तेवढीच सुधारा. नांदगांवच्या ह्या थोर पुरुषाचें स्मरण करण्याचा ह्याहून चांगला मार्ग आम्हांस दिसत नाहीं.