ना पडदा, ना नेपथ्य : संत नामदेवांचं कीर्तन
संगीत नाटक म्हटलं की आपल्याला १८८० चं किर्लोस्करांचं शाकुंतल आठवतं. पण त्याच्या कित्येक शतकं आधी संत नामदेव एकटे उभे राहून लोकांना खिळवून ठेवत होते.

डोंगरकडा ज्या हिंगोली जिल्ह्यात येतं, तिथलंच नरसी हे परंपरेनुसार त्यांचं जन्मगाव. साल १२७०. घर शिंप्याचं, वडील दामाशेटी, आई गोणाई.

कीर्तनात गाणारा, नाचणारा, गोष्ट सांगणारा आणि देवाशी भांडणारा माणूस एकच. साथीला टाळ, मृदंग, वीणा. ऐकणारे अगदी समोर.

ही कला किरकोळ म्हणायची का? औंढा नागनाथची आख्यायिका बघा. देवळासमोर कीर्तन करायला पुजाऱ्यांनी नामदेवांना मनाई केली. ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं म्हणे! चमत्कार बाजूला ठेवला, तरी लोकांनी कौल कुणाला दिला ते कळतं.

पुढे नामदेव पंजाबात घुमानपर्यंत पोहोचले. त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबमध्ये आहेत. पंढरपुरात मंदिराच्या पायरीला त्यांचं नाव आहे.

गावच्या सप्ताहात बसाल, तेव्हा कीर्तनकारातला नटही बघा.