वॉल्टर टल
वॉल्टर टल (२८ एप्रिल, १८८८ - २५ मार्च, १९१८) हे इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉल खेळाडू होते. वडील बार्बाडोसचे सुतार, आई केंटची. दोघांच्या मृत्यूनंतर ते लंडनच्या अनाथाश्रमात वाढले. १९०९ मध्ये ते टॉटनहॅम हॉटस्परकडून खेळू लागले. त्याच वर्षी ब्रिस्टल येथील सामन्यात प्रेक्षकांनी वर्णावरून त्यांना शिवीगाळ केली. पुढे ते राखीव संघात ढकलले गेले. टॉटनहॅमकडून लीगचे अवघे १० सामने त्यांच्या वाट्याला आले. खरी कारकीर्द घडली ती १९११ नंतर, नॉर्दॅम्प्टन टाउनमध्ये. तेथे आघाडीऐवजी मधल्या फळीत, हाफबॅक म्हणून ते शंभराहून अधिक सामने खेळले. पहिल्या महायुद्धात ते फुटबॉलपटूंच्या पलटणीत दाखल झाले. कृष्णवर्णीयांना अधिकारपद देण्यास लष्करी नियमांची आडकाठी असूनही १९१७ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले. फ्रान्समध्ये लढताना त्यांना मृत्यू आला. पार्थिव सापडले नाही.