रंगांचे घर बांधणारा माणूस

पांढरे सदरे शेवटच्या पाण्यातून काढताना त्यात चिमूटभर टिनोपाल टाकणाऱ्या गृहिणीला आपण प्रकाशाशी खेळतो आहोत, याची कल्पना नसते. त्या भुकटीतले सेंद्रिय रेणू उन्हातले न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि निळसर प्रकाश बाहेर टाकतात. कापडाचा पिवळेपणा त्यात लपून जातो. या रेणूंची सख्खी भावंडे म्हणजे कृत्रिम रंग. त्यांचे शास्त्र आपल्याकडे रुजवले ते डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन यांनी. सोनिवली-बदलापूरपासून अंबरनाथ-उल्हासनगरपर्यंत, रसायनांच्या शेजारी राहणाऱ्यांना तरी हे नाव परके असू नये.

जन्म १९०१ सालचा, मद्रासचा. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकून ते परतले आणि लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवू लागले. फुलापानांतल्या पिवळ्या रंगांच्या कुळाला फ्लेव्होन म्हणतात. ते प्रयोगशाळेत बनवण्याची एक युक्ती त्यांना तिथे सापडली. अल्कलीच्या साह्याने रेणूतला एक गट ऑक्सिजनवरून सुटतो आणि त्याच रेणूतल्या कार्बनवर जाऊन बसतो. मग आम्लाने वलय मिटवले की फ्लेव्होन तयार! विलायतेत विल्सन बेकर यांनाही त्याच सुमारास, स्वतंत्रपणे, हेच गवसले होते. म्हणून ही क्रिया बेकर-वेंकटरामन या जोडनावाने जगभर शिकवली जाते. या गोत्रातले काही रेणू अतिनील किरणांत हिरवट-पिवळे उजळतात, हे विशेष.

१९३४ साली ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे पुढे माटुंग्याला गेलेल्या यूडीसीटीत आले. १९३८ साली ते तिचे पहिले भारतीय संचालक झाले. गिरण्या मुंबईच्या, पण रंग परदेशचे, अशी तेव्हाची स्थिती. महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या पथकांनी जर्मन कारखान्यांतली गुपिते अहवालांतून उघड केली. त्या रुक्ष अहवालांचा आणि विखुरलेल्या संशोधनाचा मेळ घालून वेंकटरामन यांनी कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्राचे दोन जाडजूड खंड लिहिले. ते १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी गुजरातेत अतुलच्या रंगकारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. देशात रंगांचा उद्योग जेमतेम रांगत असताना त्याचा जागतिक ग्रंथ मात्र एका भारतीयाने लिहून ठेवलेला होता!

१९५७ ते १९६६ ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. तिथेही पहिले भारतीय तेच. संचालकाच्या खुर्चीत बसूनही त्यांचे संशोधन सुटले नाही. लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या तांबड्या रंगाची रचना त्यांच्या गटाने उलगडली. एका किड्याच्या रंगासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. पण असल्या खटाटोपातूनच रसायनशास्त्रज्ञ घडतात. डॉ. बी. डी. टिळक हे त्यांचेच विद्यार्थी. गुरूंनंतर प्रयोगशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. कन्या धर्मा कुमार आर्थिक इतिहासाच्या नामवंत अभ्यासक झाल्या.

या विद्येची दुसरी बाजू आपल्या वालधुनीने सोसली आहे. चांगला रंग कोणता? जो उन्हाने विटत नाही आणि साबणाने जात नाही. असा रंग नदीत मिसळला की तिथेही सहजासहजी विरत नाही. त्याचा चिवटपणा हाच त्याचा गुण आणि हाच दोष. रंग टिकवण्यावर दोन पिढ्यांनी जी बुद्धी वेचली, तिचा थोडा वाटा तो पाण्यातून काढण्यावर आधीच खर्ची पडायला हवा होता.

वेंकटरामन यांचे लिखाण मात्र थांबले नाही. पुढचे खंड त्यांनी देशोदेशीच्या तज्ज्ञांकडून लिहवून घेतले व संपादित केले. आठवा खंड १९७८ साली निघाला आणि १९८१ च्या मे महिन्यात ते गेले.