एकच बाइक, ४७ वर्षं : बर्ट मन्रो यांच्या वेडाची गोष्ट

जुनी बाइक घरात असलेल्या कुणालाही विचारा. गाडी चकाचक करून ठेवणं सोपं असतं, पण ती चालू ठेवणं ही वेगळीच डोकेदुखी! न्यूझीलंडच्या एका माणसाने ही डोकेदुखी जवळजवळ अर्धं शतक हौसेने सांभाळली आणि त्याच बाइकवर जागतिक विक्रम केला.

हर्बर्ट जेम्स मन्रो, म्हणजेच बर्ट मन्रो, यांचा जन्म १८९९ सालचा. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकार्गिल भागात ते वाढले. १९२० मध्ये त्यांनी नवीकोरी 'इंडियन स्काउट' घेतली. नावावरून फसू नका, 'इंडियन' ही अमेरिकन कंपनी आणि तिचा आपल्या देशाशी काही संबंध नाही. सुमारे ६०० सीसीची ही गाडी ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास पळायची. बर्ट यांना तेवढ्यावर समाधान नव्हतं.

त्यांनी इंजिन उघडलं, आणि तिथून पुढे ते बहुतेक वेळा उघडंच राहिलं म्हणा ना! बायको-मुलं असलेला हा माणूस मोटारसायकल विकण्याची नोकरी करायचा आणि उरलेला वेळ स्काउटला द्यायचा. पुढे संसार मोडला, नोकरीही सुटली. मग बर्ट सरळ गॅरेजमध्येच राहू लागले.

आता तुम्ही म्हणाल, एका बाइकवर एवढं काम तरी काय असतं? इंजिनची क्षमता वाढवायची तर सिलिंडर मोठा हवा, पिस्टन मोठा हवा. पण त्या मापाचे पार्ट बाजारात मिळतच नव्हते आणि खास बनवून घ्यायला पैसे नव्हते. म्हणून बर्ट जुन्या डब्यांचे साचे करून धातू ओतायचे. सिलिंडरसाठी बिडाचे जुने पाइप वापरले. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या जुन्या ॲक्सलमधून हाताने घडवले. माप घ्यायचा मायक्रोमीटरसुद्धा चाकाच्या जुन्या स्पोकपासून केलेला.

पिस्टन तापला की फुगतो. सिलिंडरमध्ये त्याला जागा कमी पडली तर इंजिन जाम होतं, जास्त झाली तर दाब निसटतो आणि ताकद जाते. शिवाय ६०० सीसीसाठी बनलेल्या इंजिनातून दीडपट काम काढायचं होतं. साहजिकच पार्ट फुटत राहिले. बर्ट नवे बनवून गाडी पुन्हा चालू करत राहिले. फुटलेले तुकडे त्यांनी फेकले नाहीत. एका फळीवर ओळीने मांडून ठेवले आणि 'वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य' असं त्यावर लिहिलं.

दरम्यान हृदयविकार मागे लागला होता. तरीही १९६२ मध्ये ६३ वर्षांचे बर्ट स्काउट जहाजावर चढवून अमेरिकेला निघाले. युटा राज्यात बॉनव्हिलचं मिठाचं मैदान आहे. मैलोन् मैल सपाट, वेगाच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध. तिथे ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम झाला, तोही ८५० सीसीपर्यंत वाढवलेल्या त्याच इंजिनावर! १९६७ मध्ये इंजिन ९५० सीसीचं झालं होतं आणि बर्ट ६८ वर्षांचे. या खेपेला १००० सीसीखालच्या गटात ताशी २९५ किलोमीटरचा विक्रम नोंदवला गेला. पात्रता फेरीत तर गाडीने ३०० चा आकडा ओलांडला होता.

गंमत म्हणजे त्या नोंदीत हिशेबाची चूक होती. ती त्यांच्या मुलाच्या लक्षात आली आणि २०१४ मध्ये विक्रम दुरुस्त होऊन २९६ किलोमीटरच्या वर गेला. ते पाहायला बर्ट नव्हते. शेवटच्या काळात शरीर साथ देईना, तेव्हा गाड्या आपल्याच भागात राहाव्यात म्हणून त्यांनी स्काउट आणि तिची जोडीदार वेलोसेट गावातल्याच व्यापाऱ्याला विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी त्यांचं निधन झालं. २००५ मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला, बर्टची भूमिका केली अँथनी हॉपकिन्स यांनी.

आणि ती स्काउट? ती कुठल्या सरकारी संग्रहालयात नाही. इन्व्हरकार्गिलमध्ये एका हार्डवेअरच्या दुकानात, खिळे-स्क्रू आणि पान्यांच्या गर्दीत ती लोकांना पाहायला ठेवली आहे.