उन्हाचा रसायनशास्त्रज्ञ : जाकोमो चामिचान

खर्डा म्हटलं की होस्टेलवाल्यांना आधी मेसमधला मिरचीचा खर्डा आठवतो! पण जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावाला १७९५ साली मराठे आणि निजामाची लढाई झाली. त्या गावात आजही तिखट आहे ते ऊन. पाऊस बेभरवशाचा, ऊन मात्र न मागता मिळणारं. अशा कोरड्या मुलुखाचं सोनं होईल, असं एक इटालियन माणूस शंभरावर वर्षांपूर्वी सांगून गेला.

जाकोमो चामिचान. जन्म १८५७, त्रिएस्ते बंदरातल्या आर्मेनियन वंशाच्या कुटुंबात. शिक्षण व्हिएन्नाला, डॉक्टरेट जर्मनीतल्या गीसेनची, मग रोममध्ये कॅनिझारोंचा साहाय्यक (हो, पुस्तकातली कॅनिझारो अभिक्रिया यांचीच). १८८९ पासून बोलोन्यात प्राध्यापक.

तिथे त्याने आणि सहकारी पॉल सिल्बरने गच्चीवर काचेचे चंबू मांडले. ना बर्नर, ना भट्टी. रसायन भरायचं, उन्हात ठेवायचं आणि आठवडे, कधी महिने वाट पाहायची. आपलं प्रॅक्टिकल तीन तासांत उरकतं, तेही शेजाऱ्याची रीडिंग घेऊन!

१९१२ साली न्यूयॉर्कच्या रसायन परिषदेत त्याने हिशेबच मांडला. कोळसा संपणार. मग जिथे शेती पिकत नाही तिथे काचेच्या नळ्यांचे, बिनधुराचे कारखाने उभारा. योग्य उत्प्रेरक मिळाला तर पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून इंधन करता येईल. ऐकणाऱ्यांचा भर तेव्हा कोळशावर होता. नोबेलसाठी त्याचं नाव नऊदा सुचवलं गेलं, मिळालं एकदाही नाही. १९२२ मध्ये तो गेला.

उत्प्रेरकाचा धागा सापडायला १९७२ साल उजाडलं. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्यातून हायड्रोजन काढला. हा म्हणजे पांढऱ्या रंगातला साधा पदार्थ. अडचण अशी, की तो फक्त अतिनील किरण घेतो, म्हणजे उन्हातला जेमतेम ४-५ टक्के वाटा. शिवाय प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर पोचायच्या आतच परत खड्ड्यात पडतो. म्हणून कण नॅनोमीटरच्या मापाचे करायचे: वाट आखूड, पृष्ठभाग मोठा. पण कण फार बारीक केले की ऊन आणखी कमी शोषलं जातं, ही दुसरी डोकेदुखी.

आणि खर्ड्याचं काय? १ किलो हायड्रोजनला कमीत कमी ९ लिटर पाणी लागतं. ऊन फुकट आहे हो, पण उन्हाळ्यात ते ९ लिटर आधी हंड्यात जाणार की नळीत, हा हिशेब चामिचानच्या गच्चीवर कधी पडला नव्हता.